सतरा नंबरचा लाल खडा

भाऊजी,

तुमच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. बायकांसाठी मागं दोन बाकं टाकली होती, त्यातल्या भिंतीकडच्या बाकावर मी बसले. मुख्याध्यापक बरंच बोलले. तुम्ही फळ्यावर हात न उचलता तापी कशी काढायचात, सहलीहून येताना मुलं खिशांत दगड भरून कशी आणायची, आणि मग फाटक्या खिशांच्या तक्रारी घेऊन त्यांच्या आया शाळेत कशा यायच्या, हे सांगितलं तेव्हा लोक हसलेसुद्धा. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दगडांच्या त्या प्रकरणात त्यांच्या हातून एक चूक झाली, हे खरं. पण इतक्या सच्च्या माणसाची एक चूक आपण पोटात घालू या." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण लोक म्हणाले असते, बिचारीला रडू आवरलं नाही. ते रडू नव्हतं, लाज होती.

ती चूक तुमची नव्हती, भाऊजी. माझी होती. सव्वादोन वर्षं मी ती तुमच्या नावावर राहू दिली. आता तुम्ही गेलात तर लोक तुमचं नाव घेतानाही तुम्हाला माफ करून मग घेतात. तुम्ही असताना हे बोलायला मला जमलं नाही. तुम्ही म्हणाल, वहिनी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई तुम्ही, आणि नेमकं हेच राहिलं? राहिलं नाही, मी राहू दिलं. आज तुम्हाला जाऊन पन्नास दिवस झाले आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायचंय.

पहिल्यापासून म्हणजे नाका उठला तिथपासून. संस्थानं विलीन झाली, आपल्या पश्चिमेच्या रस्त्यावरचा संस्थानी नाका बंद झाला, तेव्हा आपल्या राजपुऱ्यात पेढे वाटले होते. तुमचा आनंद मात्र निराळा. त्याआधी त्या बाजूच्या टेकडीवरून तुम्ही दगड आणलेत की नाक्यावरचा शिपाई सायकलवरचं पोतं उघडून बघायचा. दगड आहेत म्हटलं तर त्याला खरं वाटायचं नाही. शहाण्या माणसानं सायकलवरून दगड कशाला न्यावेत, हा त्याचा प्रश्न मलाही पटायचा. नाका उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जे गेलात ते संध्याकाळी घामेघूम होऊन आलात आणि ओसरीवर पोतं रिकामं केलंत. अलीकडे दिसणारा थर पलीकडेही तसाच जातो, म्हणालात. आमचे हे कचेरीत तेव्हा नवे नकाशे उतरवून घेत होते, दर सहा महिन्यांनी हद्द बदलायची आणि यांचं जेवण उशिरा व्हायचं. तुम्ही त्यांना चिडवायचात, दादा, जमिनीखालचा नकाशा काढायला घ्या, तो कुठलंच सरकार बदलत नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून ते भूगर्भाचे साहेब आले. आपल्या भागात ज्वालामुखी कसा फुटला असेल ते त्यांना शोधायचं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, इथं ज्वालामुखी कुठाय? मी तर सातपुड्यातून धूर निघालेला पाहिला नाही. तुम्ही म्हणालात, "आपण त्याच्या अंगावरच राहतो, वहिनी. हा सगळा काळा दगड एकेकाळी पातळ होता. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तो वर आला आणि वाहत गेला. एकदा नाही, कितीतरी वेळा. तुमचा पाटा, वरवंटा, उंबरठा, सगळं त्यातलंच." त्या दिवशी चटणी वाटताना मी पाट्याकडे जरा दबकूनच बघितलं.

साहेबांनी तुम्हाला एक मासिक दिलं होतं. त्यातलं तुम्ही मला वाचून दाखवायचात. जिथं ज्वालामुखी अजून जिवंत आहेत तिथं माणसं डोंगराच्या कडेला खोपट बांधून राहतात म्हणे. काजळी धरलेल्या कागदावर एक सुई टेकवून ठेवतात. जमीन थरथरली की सुई रेघ ओढते. भेगांतून येणारी वाफ बाटलीत भरतात, झऱ्याचं पाणी किती तापलं ते रोज बघतात, डोंगराचं पोट फुगतंय का ते मोजतात. मी म्हटलं, म्हणजे अडलेल्या बाईपाशी सुईण बसते तसं. तुम्ही इतके हसलात की भाजी करपली. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितलंत, वर "आमच्या वहिनी म्हणतात" असंही सांगितलंत. चौथी शिकलेल्या बाईचं म्हणणं कोण शाळेत सांगतं, भाऊजी? मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते, तुम्ही अकराचे. तुमच्या जुन्या वह्यांवरून मी पुढचं शिकले. हे पत्र लिहिताना जोडाक्षर अडलं की अजून हात तुमच्याकडे बघायला थांबतो.

इथल्या ज्वालामुखीपाशी मात्र सुईण बसायला फार उशीर झालेला. साहेबांचं काम उलटं होतं. सगळं आटोपल्यावर मागं राहिलेल्या थरांवरून ते कसं घडलं ते ओळखायचं. डोंगराच्या अंगावर माती, गवत, झुडपं. थर स्वच्छ दिसतात ते विहिरीत. साहेबांना विहिरींत उतरणारा, शेतकऱ्यांशी बोलणारा, नोंदी नीट ठेवणारा माणूस हवा होता. तुम्ही दर रविवारी उतरायला लागलात. दोराला हाता-हातावर गाठी मारलेल्या, कमरेला हातोडी. मी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून दिल्या, तुम्ही प्रत्येकीवर शाईनं नंबर घातलात. काठापासून किती हात खाली, कुठल्या दिशेच्या भिंतीतून, सगळं चिठ्ठीवर.

काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल पट्टा सापडतो, त्याचं तुम्हाला फार कौतुक. ते मला पहिल्यांदा कळलं ते मी जुनी चूल फोडली तेव्हा. खालची माती विटेसारखी लाल निघाली होती. तुम्ही म्हणालात, थांबा, उचलू नका. मग खाली बसून सांगितलंत. एक लाव्हा वाहून आला, थंड झाला, मग कितीतरी काळ काहीच आलं नाही. दगड झिजला, माती झाली, तिच्यावर झाडंझुडपं आली. आणि मग पुढचा लाव्हा आला, तो या मातीवर चुलीसारखा बसला. लाल पट्टा म्हणजे मधला विसावा. तुम्ही म्हणायचात, साहेब आगी मोजतात, मी विसावे मोजतो.

त्यावरून आपलं भांडण व्हायचं. पट्टा जाड तर विसावा मोठा, पातळ तर लहान, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, अंगणात मी दरवर्षी सारखीच माती घालते, पण पन्हाळीखाली ती पातळ होते, ते काय मी तिथं कमी घातली म्हणून? पाण्यानं वाहून गेली असेल तर? तुम्ही वही ओढून ते टिपून घेतलंत. मग म्हणालात, हे साहेबांना विचारायला हवं. आणि खरंच, खड्यांची पेटी साहेबांकडे धाडलीत तेव्हा सोबतच्या पत्रात लिहिलंत, "आमच्या वहिनींची शंका अशी." ते पत्र मला वाचायला दिलंत तेव्हा मी चेष्टा केली, पण दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

त्या पत्राला उत्तर काय आलं ते दोघांनाही माहीत आहे. ते का आलं, ते मला एकटीला माहीत होतं.

सुपडू पाटलाच्या विहिरीत तुम्हाला दोन लाल पट्टे सापडले होते. वरच्यातला खडा नंबर अकरा, खालच्यातला सतरा. खालचा पट्टा पाण्यात असायचा, फक्त वैशाखात उघडा पडायचा, म्हणून त्याची तुम्हाला फार अपूर्वाई. एकाच विहिरीत दोन विसावे, साहेबांनाही असं कुठं मिळालं नव्हतं. दिवाळीच्या आधी पिशव्यांना दमट वास यायला लागला, म्हणून वसुबारसेला तुम्ही सगळे खडे अंगणात कागदांवर वाळत घातलेत आणि शाळेत गेलात. मी तुळशी वृंदावन सारवून तयार केलं, त्याला आणि उंबऱ्याला गेरू द्यायचा, तर डब्यात गेरू नाही. बुधवाऱ्यातल्या दुकानात जायचं तर वाती, फराळ सगळं अर्धवट टाकून जायला हवं. समोर दोन लाल खडे. अगदी सारखे. माझ्या माहेरी गेरू म्हणून असलाच लाल दगड नाल्यातून आणून कुटायचे. मला वाटलं, एकाच जातीचे दोन आहेत, एकानं भागेल त्यांचं. मोठा होता तो उचलला, पाट्यावर कुटला, वाटला आणि वृंदावनाला लावला. रंग फार सुरेख आला होता.

रिकाम्या कागदावरचा आकडा मी नंतर पाहिला. सतरा. चिठ्ठी वाचली, खालच्या पट्ट्यातला. दोन्ही खडे वेगळे होते, हे तुम्ही मला चुलीपाशी बसून शिकवलं होतं, आणि माझ्या डोक्यात ते कामाच्या घाईत आलं नाही, एवढंच. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असतात, दोन दिवस बोलला नसतात आणि वैशाखात पुन्हा उतरला असतात. मी ते केलं नाही. मी अकरा नंबरचा खडा घेतला, वरवंट्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा सतराच्या कागदावर ठेवला. लाल ते लाल, कोणाला कळणार, असं वाटलं. तुम्ही शाळेतून आलात, वृंदावनाकडे बघून म्हणालात, यंदा रंग छान धरलाय. मी म्हटलं, हो. अंधार पडत होता, तुम्ही भराभर खडे पिशव्यांत भरलेत.

दिवाळीनंतर पेटी नागपूरला गेली. साहेबांनी दगडाचे इतके पातळ काप करवून घेतले होते म्हणे की त्यांतून उजेड आरपार जातो, मग ते भिंगाखाली धरून बघतात. पण या दोन खड्यांना भिंगही लागलं नाही. त्यांनी लिहिलं की अकरा आणि सतरा हे एकाच खड्याचे दोन तुकडे आहेत, तुटलेल्या बाजू एकमेकींत नीट बसतात. भाषा सभ्य होती. एका नंबरावर भरवसा ठेवता येत नसेल तर बाकीच्यांवरही ठेवता येत नाही, म्हणून तुमचा सगळा संग्रहच त्यांनी बाजूला काढला. उन्हाळ्यात काप करायला शिकवण्यासाठी तुम्हाला नागपूरला बोलावणार होते, तेही राहिलं. पत्राची प्रत शाळेला गेली होती.

तुम्ही ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलात. मी भाकरी थापत होते. तुम्ही विचारलंत, "वहिनी, दिवाळीत या खड्यांना कोणी हात लावला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही म्हणालात, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाहीत. माझ्या एका शब्दावर तुम्ही इतका विश्वास ठेवलात, की मग चूक करणारा म्हणून उरलात ते तुम्हीच. ओसरीवर बसून साहेबांना लिहिलंत, चूक माझी, घाईत मीच खडा फोडून दोन पिशव्यांत घातला असणार. त्यानंतरचं मी रोज बघत होते. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचात आणि परत येऊन ते ओढून बघायचात. पेपरांचे मार्क तीनतीनदा मिळवायचात. स्वतःच्या हातांवरचा तुमचा भरवसा उडाला होता. दोन वैशाख आले आणि गेले, पाटलानं निरोप पाठवला की पाणी उतरलंय, तुम्ही गेला नाहीत. म्हणालात, आता नवा खडा पाठवला तरी साहेब म्हणतील, हा कुठून आणला. मी तुम्हाला टोमणे मारायचे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं, दगडच तो. असं म्हणायला मला लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण तोंड चालूच.

दुखण्यात, त्या शेवटच्या आठवड्यात, एक दुपार अशी होती की घरात आपण दोघंच होतो. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "तो खडा मी नक्की कधी फोडला हो, वहिनी? मला काही केल्या आठवत नाही." देवानं हातात आणून दिलेली वेळ होती ती. मी म्हटलं, पाणी घेता का? आणि तुम्ही मुकाट्यानं पाणी प्यायलात. भाऊजी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट कृत्य ते आहे. गेरू नव्हे, तो 'नाही'सुद्धा नव्हे, ते पाणी.

शोकसभेहून घरी आल्यावर मी आधी यांना सांगितलं. हे टोपी काढून हातात घेऊन खाली बसले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "तो रोज कुलूप ओढून बघायचा." एवढंच. मग उठून दौत आणि कागद माझ्यापुढं ठेवला. मी साहेबांना सगळं लिहिलं, वसुबारस, पाटा, वरवंटा, काहीही गाळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन तेच सांगितलं आणि म्हटलं, शाळेच्या दप्तरात दुरुस्ती करा. ते म्हणाले, आता गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मी म्हटलं, मला पडतो. त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतलं.

साहेबांचं उत्तर तेवीस दिवसांनी आलं. माझ्यावर रागावलेत, आणि ते लपवलेलं नाही. मला बरं वाटलं. एका ओळीत लिहिलंय की पट्ट्याच्या जाडीबद्दलची शंका रास्त होती आणि तिचं उत्तर अजून त्यांच्याजवळ नाही, म्हणजे आपलं भांडण तसंच राहिलं. पुढं लिहिलंय की संग्रह त्यांनी फेकलेला नाही. दोन्ही पट्ट्यांतले खडे दोन साक्षीदारांसमोर पुन्हा काढून पाठवले, माप जुळलं, तर तो पुन्हा विचारात घेतील. आणि चिठ्ठीचा नमुना पाठवलाय. कुठल्या विहिरीतला, काठापासून किती हात, आणि शेवटी, ज्यानं स्वतःच्या हातानं काढला त्याचं नाव.

काल सकाळी मी आणि हे सुपडू पाटलाकडे गेलो. पाणी पार खाली गेलंय. पाटील मला बघून कासावीस झाला. "वैनी, तुम्ही कायले उतरता? मी काढून देतो ना खडा," म्हणाला. मी म्हटलं, मोडला मी, आणणारही मीच. कासोटा घट्ट केला, पदर खोचला. पाटलाच्या बायकोनं कमरेला दोर बांधला आणि वरून धरला. वरचं बांधकाम संपल्यावर खडकात पाय ठेवायला खोबण्या आहेत. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली ना, फार वाटली. तुम्ही दर रविवारी इथं उतरून संध्याकाळी आमटीला मीठ कमी आहे म्हणायचात, याचं मला आता नवल वाटतं.

वरचा पट्टा तुमच्या वहीत लिहिलाय तिथंच होता. खालचाही. दोराच्या गाठी मोजल्या, दोन्ही वेळा तुमचा आकडा बरोबर निघाला. एका हाताचीही चूक नाही. खालच्या पट्ट्याला हात लावला तर तो गार आणि ओला होता, बोटं लाल झाली. मी तिथं थोडी रडले. वरून यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आकडा बरोबर आहे.

वर आल्यावर विहिरीच्या काठावर बसून चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. शेवटच्या ओळीशी हात थांबला. तुमचं नाव लिहावं असं फार वाटलं. पाटील म्हणाला, "मास्तरचंच टाका ना, वैनी. कोन पाहाले येते?" हेही पाटलाकडे बघून मान हलवू लागले, म्हणजे यांच्याही मनात तेच होतं. पण भाऊजी, ते पुन्हा एकाच्या जागी दुसरं ठेवणं झालं असतं. मी माझं नाव लिहिलं, दोघांनी साक्षीला सह्या केल्या.

मग पट्टी घेऊन खाली आणखी एक ओळ मी स्वतः आखली. नमुन्यात ती नव्हती. तिच्यावर लिहिलं, थर कोणी शोधला, आणि पुढं तुमचं नाव घातलं.